आगबोटीवरील मूल : दृश्य आणि काम – स्टीव्हन्सन, दे आमिचिस व मेरी अँटिन यांच्या देशांतर-लेखनाचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून अमेरिकेकडे झालेल्या देशांतराचा अभ्यास मजुरी, लोकसंख्या, जमीन आणि भांडवल या अंगांनी विपुल झाला आहे. या अभ्यासात देशांतर करणारी व्यक्ती बहुधा एकटा, तरुण, धडधाकट पुरुष अशीच कल्पिलेली असते. प्रत्यक्षात आगबोटींच्या तळाच्या वर्गातून फार मोठ्या संख्येने कुटुंबे गेली. दोन-तीन वर्षांची मुले, कडेवरची तान्ही मुले घेऊन स्त्रियांनी अटलांटिक ओलांडला, पुष्कळदा आधी गेलेल्या नवऱ्याच्या पाठोपाठ एकटीने. हा अनुभव लाखोंचा आहे. साहित्यात मात्र तो तुटकपणे आला आहे. जेथे तो आला तेथे तो कोणी लिहिला आणि बोटीच्या कोणत्या मजल्यावरून पाहून लिहिला, हा प्रश्न समीक्षेने फारसा विचारलेला दिसत नाही.

प्रस्तुत लेखात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे 'द अ‍ॅमॅच्युअर इमिग्रंट', एदमोंदो दे आमिचिस यांचे 'सुल्लोचेआनो' आणि मेरी अँटिन यांचे 'द प्रॉमिस्ड लँड' या तीन ग्रंथांतील बोटीवरच्या मुलांच्या चित्रणाचा विचार केला आहे. या विचारासाठी 'दृश्य म्हणून मूल' आणि 'काम म्हणून मूल' असा एक भेद उपयोगी पडतो. डेकवर धावणारे मूल पाहणाऱ्याला दृश्य असते. तेच मूल रात्री तळच्या फळीवर ओकते, रडते, त्याची दुपटी धुवायला गोडे पाणी मिळत नाही, तेव्हा ते कोणाचे तरी काम असते. हा भेद लेखकाच्या सहृदयतेचा नव्हे, त्याच्या जागेचा आहे, आणि म्हणूनच तो समीक्षेच्या कक्षेत येतो.

कायद्यातील अर्धे माणूस

साहित्याकडे वळण्यापूर्वी कायद्याची भाषा पाहणे उद्बोधक ठरेल. ब्रिटनच्या १८५५ च्या प्रवासी कायद्यात 'कायदेशीर प्रौढ' नावाचे एक परिमाण होते. १२ वर्षे व त्यावरील प्रत्येक व्यक्ती म्हणजे एक प्रौढ. १ ते १२ वर्षांची दोन मुले मिळून एक प्रौढ. वर्षाच्या आतले मूल हिशेबातच नाही. बोटीवर किती माणसे घ्यायची, याचे गणित या परिमाणावर चाले. अमेरिकेच्या १८८२ च्या कायद्याने हेच गणित थोड्या फरकाने स्वीकारले. १ ते ८ वर्षांची दोन मुले म्हणजे एक प्रवासी आणि वर्षाच्या आतले मूल पुन्हा शून्य. मात्र त्याच कायद्यात तान्ह्या व लहान मुलांच्या आयांना त्या मुलांपुरते चांगले दूध, ताजे किंवा आटवलेले, पुरवण्याचे बंधनही घातले होते. म्हणजे जागेच्या हिशेबात जे मूल शून्य होते, ते दुधाच्या कलमात आईच्या आडून पुन्हा प्रकट झाले.

हे गणित निर्दयपणातून आले असे समजण्याचे कारण नाही. लहान देहाला कमी जागा लागते, एवढाच त्यामागचा साधा विचार होता. परंतु ज्याने बोटीत मूल सांभाळले आहे त्याला माहीत असते की वर्षाच्या आतल्या मुलाला मोठ्या माणसापेक्षा जास्त जागा लागते, जास्त पाणी लागते, आणि एक अख्खे माणूस चोवीस तास लागते. शिडाच्या जहाजांच्या काळात समुद्रावरील मृत्यूंमध्ये लहान मुलांचे प्रमाण सर्वाधिक असे. गोवर, डांग्या खोकला आणि हगवण ही त्याची नित्याची कारणे होती. आगबोटींनी प्रवास महिन्यांवरून दिवसांवर आणला आणि हे मृत्यू घटले. काम मात्र घटले नाही.

स्टीव्हन्सन : पडद्याच्या अलीकडे

स्टीव्हन्सन यांनी ऑगस्ट १८७९ मध्ये 'डेव्होनिया' या बोटीने क्लाइड नदीतून न्यूयॉर्ककडे प्रयाण केले. तेव्हा त्यांचे वय २८ वर्षांचे होते. तळच्या वर्गाचे भाडे ६ गिनी आणि दुसऱ्या केबिनचे ८ गिनी. लिहिण्यासाठी टेबल मिळावे म्हणून त्यांनी दोन गिनी जास्त मोजल्या. ही दोन गिनींची बाब ग्रंथाच्या आकलनासाठी महत्त्वाची आहे. दुसरी केबिन तळच्या वर्गांच्या मधोमध, पातळ फळ्यांनी वेगळी केलेली अशी होती. आपल्या या वरचढपणाची थट्टा लेखकाने स्वतःच केली आहे. न्याहारीला चहा की कॉफी अशी निवड मिळे, पण दोन्हींची चव जवळपास एकच असे. पलीकडच्या वर्गात माणसे नुसते नर आणि मादी होती, अलीकडे तीच सभ्य स्त्री-पुरुष ठरत. हा फरक एका पितळी पाटीने झाला होता, हे त्यांच्या नजरेतून सुटलेले नाही.

मुलांविषयीचा भाग या ग्रंथातील सर्वांत सुंदर भागांपैकी आहे. मोठी माणसे ओळखी करून घेण्यापूर्वी अंतर राखून एकमेकांभोवती घुटमळत असतानाच मुलांची टोळी जमून गेलेली असते. त्यांना बोट घरासारखी होऊन जाते, इतकी की बोटीच्या भागांना ती जमिनीवरचेच शब्द लावतात. डेकच्या कठड्याला एक स्कॉटिश मूल 'डाइक' म्हणते. डाइक म्हणजे शेताभोवतीची दगडी भिंत. कोकणातील वाचकाला येथे 'गडगा' हा शब्द सहज आठवेल. अटलांटिकच्या मधोमध, लाटेबरोबर वरखाली होणाऱ्या लोखंडी कठड्याला गडगा म्हणणाऱ्या मुलाने आपले गाव सोबत आणले आहे, हे स्टीव्हन्सन यांच्या कानाने अचूक टिपले. देशांतराच्या भाषिक परिणामांवर लिहिलेल्या कित्येक पानांपेक्षा हा एक शब्द अधिक सांगतो.

यानंतर येते ते कठड्यावर आणि दोरखंडांच्या शिड्यांवर चढणाऱ्या मुलांचे दृश्य. बोट हेलकावते आहे, मूल वर चढते आहे, आणि आया उन्हात बसून शांतपणे पाहत आहेत. लेखकाचा जीव वर-खाली होतो. तो मुलाला खाली उतरवायला धावणार, एवढ्यात एक आई मुलाच्या भावी खलाशीपणाविषयी काही विनोदाने बोलते आणि लेखक ओशाळून मागे सरतो. या प्रसंगावरून तो एक सिद्धान्त काढतो. सुखवस्तू वर्गातील आयांना आपल्या माणसाचे संकट पाहवत नाही. गरिबांना मात्र गरजच ही सहनशक्ती शिकवते. शेवटी मुलाची मान मोडली तरी चालेल, त्याची उमेद मोडू नये, असा तो निर्वाळा देतो.

हे विधान नेहमी कौतुकाने वाचले जाते आणि ते कौतुकास पात्रही आहे. वयाची कित्येक वर्षे अंथरुणात, दाईच्या देखरेखीखाली काढलेल्या एकुलत्या एका मुलाने मोठेपणी केलेले ते विधान आहे. त्यात स्वतःच्या बालपणावरचा अभिप्राय दडलेला आहे, असे म्हणण्यास जागा आहे. परंतु आईच्या वागण्याचा त्याने लावलेला अर्थ एकमेव नाही. तळच्या वर्गात तीन-चार रात्री बोट लागलेल्या मुलांबरोबर काढून, वर उन्हात पहिल्यांदाच टेकलेली ती बाई शूर असेल किंवा केवळ दमलेली असेल. मुलामागे धावण्याचे त्राण नसलेल्या माणसाला विनोद हा एकच मार्ग उरतो, हे घरोघरच्या अनुभवाचे आहे. स्टीव्हन्सन यांनी थकव्याचे रूपांतर धैर्यात केले. ते त्यांनी वाईट हेतूने केले नाही. त्यांना फक्त डेक दिसत होता.

याच भागात तीन वर्षांच्या एका मुलाचे वर्णन आहे. केस पांढुरके व गुंतलेले, तोंड चरबीने आणि काकवीने माखलेले, अंगात विजार नाही. कुरूपच म्हणावे असे हे मूल चालू लागले की सुंदर दिसते. पत्र्याच्या पेल्यावर पत्र्याचा चमचा वाजवत ते हसत सुटते. आई आणि घरातील बाकीची माणसे आजारी होऊन भोवती आडवी पडली असताना ते त्यांच्या मधोमध बसून गाते. बालपणाच्या या निष्ठुर आनंदाला लेखकाने मनापासून दाद दिली आहे. शब्दकळेच्या दृष्टीने हा परिच्छेद निर्दोष आहे. मात्र त्यातील मूळ आशय तपासला तर एक गोष्ट लक्षात येते. येथे आई दिसते ती केवळ मुलाच्या उभारीला पार्श्वभूमी म्हणून. त्या मुलाच्या तोंडाला काकवी लागली आहे, म्हणजे कोणीतरी त्याला भरवले आहे. आजारी पडलेल्या त्या आडव्या माणसांपैकीच कोणीतरी उठून ते केले असणार, किंवा शेजारच्या कोणी. ते कोण, हे परिच्छेद सांगत नाही. त्याला त्याची गरजही वाटत नाही.

ग्रंथाच्या प्रकाशनाचा इतिहासही येथे ध्यानात घ्यावा लागतो. स्टीव्हन्सन यांच्या वडिलांना हे लेखन मुलाच्या लौकिकाला शोभणारे वाटले नाही. छपाईच्या वाटेवर असलेले पुस्तक मागे घेण्यात आले. बोटीवरचा भाग लेखकाच्या मृत्यूनंतर १८९५ मध्ये, बराच मजकूर गाळून, प्रसिद्ध झाला. गाळलेल्या मजकुरात तळच्या वर्गातील घाण, दुर्गंधी आणि शरीरधर्मांचे वर्णन बरेच होते. हस्तलिखितावरून तो १९६६ च्या आवृत्तीत परत आला. म्हणजे सुमारे सत्तर वर्षे वाचकांपुढे जो ग्रंथ होता त्यातला डेक शाबूत होता आणि तळमजला छाटलेला होता. स्टीव्हन्सन यांच्यावर डेकपुरते पाहिल्याचा आरोप करताना, त्यांनी पाहिलेले इतरांनी पुसले हेही नोंदवणे न्यायाचे ठरेल.

आणखी एक मौन या ग्रंथात आहे. लेखक अमेरिकेस का निघाला, याचा त्यात उच्चार नाही. तो फॅनी ऑस्बर्न यांच्याकडे निघाला होता. फॅनी यांनी १८७५ मध्ये तीन मुलांना घेऊन अमेरिकेतून युरोपकडे अटलांटिक ओलांडला होता. त्यांपैकी सर्वांत धाकटा हार्वी १८७६ च्या एप्रिलमध्ये पॅरिस येथे क्षयाने दगावला. तो पाच वर्षांचाही नव्हता. मुले घेऊन समुद्र ओलांडणे म्हणजे काय, हे सांगू शकणारी व्यक्ती लेखकाच्या परिचयाची, किंबहुना त्याच्या प्रवासाचे उद्दिष्टच होती. कठड्यावरच्या मुलाविषयीचे ते धाडसी विधान लिहिताना ती स्त्री त्यांच्या मनात होती की नव्हती, यावर तर्क करणे हे समीक्षेचे काम नव्हे. परंतु ग्रंथ आज वाचणाऱ्याला ही माहिती बाजूला ठेवता येत नाही.

दे आमिचिस : नाव मिळालेले मूल

इटालियन लेखक दे आमिचिस १८८४ मध्ये जेनोआहून दक्षिण अमेरिकेस गेले. बोटीचे खरे नाव 'नॉर्ड अमेरिका'. १८८९ च्या ग्रंथात ती 'गॅलिलिओ' झाली. तळच्या वर्गात सुमारे १६०० देशांतरित होते, लेखक स्वतः पहिल्या वर्गात. म्हणजे स्टीव्हन्सन पातळ फळीच्या अलीकडे होते, तर दे आमिचिस अनेक जिने वर.

ग्रंथाच्या आरंभीच बोटीवर चढणाऱ्या माणसांची जी रांग येते, तीत लहान मुले आहेत आणि त्यांतील काहींच्या गळ्यात बालवाडीचा पत्र्याचा बिल्ला अजून तसाच आहे. हा तपशील विलक्षण आहे. एकीकरणानंतरच्या इटलीने या मुलांसाठी शाळा काढली, बिल्ला दिला. पण त्यांच्या बापांना पोटभर अन्न देणे तिला जमले नाही. दे आमिचिस यांनी १८८६ मध्ये 'कुओरे' हे शालेय जीवनावरचे जगप्रसिद्ध पुस्तक लिहिले होते. त्यातील एका कथेत १३ वर्षांचा मार्को जेनोआहून एकटाच अर्जेंटिनात आईच्या शोधाला जातो. शाळा आणि देशांतर हे दोन विषय त्या पत्र्याच्या तुकड्यात एकत्र आले आहेत, आणि लेखकाने त्यावर भाष्य केलेले नाही हे बरे.

इतरत्र मात्र त्यांना भाष्य आवरत नाही. बोटीवर एका शेतकरी स्त्रीला मुलगा होतो आणि त्याला बोटीचेच नाव दिले जाते. या छोट्या गॅलिलिओवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. अंधाऱ्या तळातून एक मूल एकदम उजेडात येते, त्याला नाव मिळते, पहिल्या वर्गातील मंडळी कौतुक करतात. प्रकरण वाचताना डोळ्यांत पाणी येते, हे मान्य करावे लागेल. दे आमिचिस यांना ती कला साधलेली होती. पण हे कौतुक त्या मुलाच्या वाट्याला का आले? बोटीवर शेकडो मुले आधीच होती, त्यांना हा मान मिळाला नाही. जन्म ही घटना असते. घटना दृश्य होऊ शकते, समारंभ होऊ शकते. रोजचे भरवणे-धुणे घटना होत नाही. प्रसूतीनंतर त्या फळीवर पडून राहिलेल्या आईचे उरलेले दिवस कसे गेले, या प्रश्नाकडे ग्रंथाचे लक्ष नाही. दे आमिचिस यांची करुणा मोठी आहे. ती प्रसंगाची वाट पाहते, हा तिचा दोष.

मेरी अँटिन : आतून ऐकलेले रडणे

मेरी अँटिन यांचे लेखन वरील दोहोंपेक्षा वेगळ्या जातीचे आहे, कारण ते मुलीने लिहिले आहे. झारच्या साम्राज्यातील पोलोत्स्क येथील हे ज्यू कुटुंब. वडील १८९१ मध्ये बोस्टनला गेले. १८९४ मध्ये आई मुलांना घेऊन निघाली. मेरी तेव्हा सुमारे १३ वर्षांच्या होत्या. पोहोचल्यावर त्यांनी मामाला यिडिश भाषेत एक लांबलचक पत्र लिहिले. त्याचे इंग्रजी रूप १८९९ मध्ये पुस्तक म्हणून निघाले, आणि १९१२ च्या 'द प्रॉमिस्ड लँड' मध्ये त्याचा उपयोग झाला. पहिल्या पुस्तकाच्या शीर्षकात गावाचे नाव चुकून 'प्लोत्स्क' असे पडले व तसेच राहिले. पोलोत्स्क वेगळे, प्लोत्स्क वेगळे. छापणाऱ्यांना फरक कळला नाही.

या लेखनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग समुद्रावर घडतच नाही. तो बर्लिनजवळच्या निर्जंतुकीकरणाच्या ठाण्यावर घडतो. सामान काढून घेतले जाते, सोबतची माणसे वेगळी केली जातात, कपडे उतरवले जातात, अंगाला कसलासा बुळबुळीत पदार्थ चोळला जातो, अचानक वरून गरम पाणी पडते. कोणी काही समजावून सांगत नाही. आणि या सर्वांत कोठेतरी भिंतीपलीकडे, न दिसणारी मुले भयंकर रडत असतात.

न दिसणाऱ्या मुलांचे हे रडणे स्टीव्हन्सन यांच्या ग्रंथातही आहे. दुसऱ्या केबिनच्या पातळ फळीतून पलीकडच्या माणसांचे ओकणे, ताटल्यांचा खडखडाट, नव्या अनुभवाने घाबरलेल्या मुलांचे रडणे आणि पाठोपाठ बसलेली चापट त्यांना ऐकू येते. दोन्ही ठिकाणी भिंत आहे, दोन्ही ठिकाणी रडणे आहे. मात्र स्टीव्हन्सन यांना ते आपल्या निवाऱ्याच्या मर्यादेची खूण म्हणून ऐकू येते. अँटिन यांना पुढचा क्रम आपला आहे हे सांगणारी सूचना म्हणून. एकच ध्वनी फळीच्या दोन बाजूंना वेगळा अर्थ धारण करतो.

तरीही बोटीवर चढल्यावर अँटिन यांचे लेखनही डेककडेच जाते. पहिल्या काही दिवसांचे आजारपण सरल्यावर ही मुलगी वर येते, समुद्राच्या विशालतेत एकटी उभी असल्याची कल्पना करते, तिला रॉबिन्सन क्रूसो आठवतो. तेरा वर्षांच्या मुलीला हे स्वातंत्र्य मिळाले याचे कारण धाकटी भावंडे कोणीतरी सांभाळत होते. अर्थात, त्या वयाच्या मुलीला तो जाब विचारणे अन्यायाचे होईल. क्रूसो एकटा होता म्हणून त्याची कादंबरी झाली, आणि आई एकटी नव्हती म्हणून तिचे काही झाले नाही, एवढेच येथे म्हणता येते.

आयांचे स्वतःचे कथन

मग आयांनी स्वतः काही लिहिलेच नाही काय? मराठीपुरता विचार केल्यास एक नाव अटळपणे पुढे येते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि १८८६ च्या आरंभी तिच्यासह लिव्हरपूलहून फिलाडेल्फियास. त्या देशांतरित नव्हत्या. परंतु दुसरा प्रवास त्यांनी देशांतरितांच्या नेहमीच्या मार्गावरूनच, भर हिवाळ्यात केला. 'इंग्लंडचा प्रवास' हे पत्ररूप लेखन आणि १८८९ मधील 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ ही मराठी प्रवासवाङ्मयाची महत्त्वाची ठेव आहे. दुसऱ्या ग्रंथाचा रोख राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांची स्थिती यांवर असल्यामुळे त्यातून मुलीच्या दैनंदिनीची अपेक्षा करणे गैर आहे. आणि कदाचित या निवडीतच उत्तर आहे. विद्वान म्हणून ऐकून घेतले जावे अशी इच्छा असणाऱ्या स्त्रीने १८८९ मध्ये कशाविषयी लिहावे, हे तिच्या काळाने बरेचसे ठरवून टाकले होते.

हे काम प्रथम मोठ्या प्रमाणावर शब्दांत आले ते मौखिक इतिहासात. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलिया सरकारच्या योजनेतून प्रौढाला १० पौंड आणि लहान मुलांना शून्य भाडे या दराने दहा लाखांहून अधिक ब्रिटिश नागरिक तेथे गेले. पुढे पंतप्रधान झालेल्या ज्युलिया गिलार्ड १९६६ मध्ये चार वर्षांच्या असताना 'फेअरस्काय' बोटीने अशाच पोहोचल्या. हॅमरटन आणि थॉमसन यांचा २००५ मधील 'टेन पाउंड पॉम्स' हा ग्रंथ या लोकांच्या लेखी आठवणींवर व मुलाखतींवर उभा आहे. अनेकांनी हा प्रवास आयुष्यातील पहिली मोठी सुट्टी म्हणून सांगितला आहे. तान्ही मुले सोबत असलेल्या स्त्रियांना मात्र सुट्टी हा शब्द सहज वापरता येत नाही. आरंभीच्या काही बोटींवर पुरुषांची आणि स्त्रियांची निजण्याची सोय वेगळी असे. तेव्हा मुले अर्थातच आईच्या केबिनमध्ये, इतर आया आणि त्यांच्या मुलांबरोबर. बापाने त्याच बोटीवर पत्ते खेळलेले असतात आणि दोघांच्या आठवणी खऱ्या असतात.

अशा मुलाखतींना साहित्य मानावे काय, असा आक्षेप विद्यापीठीय चर्चेत घेतला जातो. आक्षेप पूर्णतः चुकीचा नाही. सांगितलेल्या आठवणीत पुनरुक्ती असते, विस्कळीतपणा असतो, आणि स्टीव्हन्सन यांच्या चमचा वाजवणाऱ्या मुलासारखे वाक्य मुलाखतीत क्वचितच सापडते. परंतु प्रवासवर्णन शिकवताना केवळ शैलीच्या आधारावर निवड केली, तर निवडले जाणारे ग्रंथ टेबलासाठी दोन गिनी जास्त मोजू शकलेल्यांचेच राहतील. दोन्ही शेजारी ठेवून वाचले, तर स्टीव्हन्सन यांचे महत्त्व कमी होत नाही, उलट त्यांच्या वाक्यांतील काही दुर्लक्षित शब्द जागे होतात.

मायकेल ओंदात्जे यांच्या २०११ मधील 'द कॅट्स टेबल' या कादंबरीचा येथे ओझरता उल्लेख पुरे. १९५४ मध्ये कोलंबोहून इंग्लंडला निघालेला ११ वर्षांचा मुलगा आणि त्याचा मित्र वादळात स्वतःला डेकवर बांधून घेतात. स्टीव्हन्सन यांनी बाहेरून पाहिलेला धोका येथे मुलाच्या बाजूने लिहिला गेला आहे. पण ते घडू शकते, कारण त्या मुलासोबत आई नाही.

स्टीव्हन्सन यांच्या फळीपलीकडच्या त्या चापटीकडे अशा वाचनानंतर पुन्हा वळावेसे वाटते. ती मारणारा हात आई-बापांपैकी कोणाचा तरी आहे, इतकेच लेखक सांगतो. तो आईचा की बापाचा, हे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात बसून खलाशीपणाचा विनोद करणारी बाई आणि रात्रीचा तो हात एकाच व्यक्तीचा असणे सहज शक्य आहे. ग्रंथात मात्र ही दोन पाने वेगवेगळ्या जागी आहेत आणि लेखकाने त्यांना कोठेही जोडलेले नाही.